हरवलेली सम: दीपचंदीतली एक होरी स्टाफ नोटेशनमध्ये लिहिताना

काम वरवर साधं होतं. मिश्र काफी रागातली एक नवी होरी, म्हणजे होळीचं गाणं, ताल दीपचंदी. गायिका, तबला आणि सोबत स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. संगीतकार ताईंनी चाल बांधली होती. क्वार्टेटसाठी त्यांनी हार्मोनियमवर काय काय वाजवायचं ते रेकॉर्ड करून पाठवलं होतं. ते ऐकून स्कोअर (सगळ्यांचे सूर एकत्र) आणि चार पार्ट (प्रत्येक वादकाचा वेगळा कागद) स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनात, लिहून द्यायचे, एवढं माझ्याकडे होतं. अशी कामं मी पुण्यात बरीच वर्षं करतो आहे. तरीही ह्या एका गाण्याचे पार्ट मला तीनदा नव्याने काढावे लागले आणि चौथ्यांदा दुरुस्त करावे लागले. प्रत्येक वेळी सूर बरोबर होते. अडलं ते टाइम सिग्नेचरपाशी, म्हणजे एका बारचं (दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्याचं) माप सांगणाऱ्या दोन आकड्यांपाशी: वर किती, खाली कोणती नोट. ज्यांना आपला ताल स्टाफवर लिहायचा आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी ताल. दीपचंदी चौदा मात्रांचा (ठोक्यांचा), विभाग चार: तीन, चार, तीन, चार.

धा धिं ऽ | धा गे तिं ऽ | ता तिं ऽ | धा गे धिं ऽ

पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे तालाचं चक्र जिथे सुरू होतं ती जागा, चौथीवर आणि अकरावीवर टाळी, आठवीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. लय मात्रेला १०८, म्हणजे एक आवर्तन (तालाचं एक पूर्ण चक्र) साधारण पावणेआठ सेकंदांचं. तबल्यावरच्या काकांना मी विचारलं, तुम्हाला काही लिहून हवं का? ते म्हणाले, "दीपचंदी म्हणालास ना, झालं की." त्यांच्यासाठी खरंच तेवढ्यात सगळं आलं होतं: किती मात्रा, कुठे तोडायचं, कुठे बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) गप्प ठेवायचा. स्टाफ वाचणाऱ्या चौघांसाठी त्या एका शब्दात मावलेलं सगळं मला कागदावर उलगडून ठेवायचं होतं. गाण्याला कंडक्टर नव्हता, गायिकाच पुढे नेणार होती. त्यामुळे जे काही सांगायचं ते पार्टनेच सांगायला हवं होतं.

मात्रेला कोणती नोट द्यायची, हा पहिला निर्णय. मात्रा म्हणजे आठवा नोट (सिग्नेचरमध्ये खाली ८) धरला असता तर १४/८ किंवा ३/८ आणि ४/८ असं काही झालं असतं. पाश्चात्त्य वादकाला खाली ८ दिसला की त्याचा हात आपसूक ६/८, १२/८ च्या वळणाने जातो, तीन-तीनचे गठ्ठे करायला लागतो. दीपचंदीत निम्मे विभाग चारचे आहेत. म्हणून मात्रा म्हणजे क्वार्टर नोट, खाली ४. मग ३/४ आणि ४/४ एकाआड एक. हा निर्णय शेवटपर्यंत टिकला. बाकीचे बहुतेक बदलले.

पहिला खर्डा: दर बारला सिग्नेचर

गाण्याचा दीपचंदीतला भाग चोवीस आवर्तनांचा. वीस आवर्तनं, मग केहरव्यात (आठ मात्रांच्या तालात) लग्गी, म्हणजे तबल्याचा जलद भाग, मग परत येऊन चार आवर्तनं आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा. चोवीस आवर्तनं म्हणजे शहाण्णव बार. पहिल्या खर्ड्यात मी नियमाला धरून प्रत्येक बारला त्याची सिग्नेचर दिली: ३/४, ४/४, ३/४, ४/४. एका पार्टमध्ये शहाण्णव वेळा. शिवाय सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढच्या ओळीची सिग्नेचर आगाऊ छापतं, ती वेगळीच.

नियमाच्या दृष्टीने ह्यात एकही चूक नव्हती, पण वाचताना दमछाक व्हायची. दर तीन-चार सुरांनंतर दोन जाड आकडे डोळ्यासमोर येतात आणि प्रत्येक वेळी डोळ्याला वाटतं, काहीतरी बदललं. खरं तर काहीच बदललेलं नसतं, तोच झोका चाललेला असतो. सिग्नेचर ही बातमी असते आणि एकच बातमी शहाण्णव वेळा दिली की खरी बातमी आली तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. झालंही तसंच. लग्गीला सलग ४/४ सुरू होतं. तिथे दोन्ही व्हायोलिनवाल्यांनी ३/४ मोजायला घेतलं, कारण आकडे वाचणं त्यांनी पानभर आधीच सोडून दिलं होतं.

ह्या खर्ड्यातली आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. ओळीत पाच-पाच बार बसत होते. त्यामुळे एक ओळ समेपासून सुरू व्हायची, पुढची चौथ्या मात्रेपासून, त्यापुढची खालीपासून. सम पानावर कुठेही भटकत होती.

दुसरा खर्डा: ७/४ आणि तुटक रेघ

दुसऱ्यांदा मी तीन आणि चार एकाच बारमध्ये घातले. सिग्नेचर ७/४, वरती ३+४ अशी फोड आणि बारच्या आत तिसऱ्या मात्रेनंतर तुटक बारलाइन. फोड लिहून दाखवण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने ‘मिक्रोकॉस्मोस’च्या शेवटी बल्गेरियन लयीतले सहा नाच दिले आहेत. त्यातल्या पहिल्याला सिग्नेचरच अशी आहे की वर ४+२+३ आणि खाली ८. नुसतं ९/८ लिहिलं असतं तर तीन तीनचे गठ्ठे झाले असते. बेरीज लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला वजन कुठे पडतं ते कळतं.

आमच्याकडे घोळ झाला तो तुटक रेघेमुळे. मिश्र काफीत दोन्ही निषाद (नी) आहेत, कोमल आणि शुद्ध. गायिकेची सा पांढरी सहा, म्हणजे ए. कोमल नी झाला जी आणि शुद्ध नी जी शार्प, म्हणजे जीच्या अर्ध्या सुराने वर. आता स्टाफचा नियम असा की बारमध्ये एकदा शार्प लावला की तो त्या सप्तकातल्या त्या सुराला बार संपेपर्यंत लागू राहतो. एका जागी पहिल्या तीन मात्रांत शुद्ध नी होता आणि तुटक रेघेपलीकडेही शुद्धच हवा होता. म्हणून मी पुन्हा शार्प लिहिला नव्हता. दुसऱ्या व्हायोलिनने तुटक रेघेला बारलाइन समजून कोमल नी वाजवला, पहिल्याने शुद्ध. दोन निषाद एकमेकांवर असे घासले की ताईंनी हार्मोनियमचा भाता बंद करून नुसतं बघितलं. दोघांपैकी कुणालाही चूक म्हणता येत नव्हतं. तुटक रेघ नक्की काय सांगते, हे मीच कुठे लिहिलं नव्हतं.

चौदाच मात्रांचा एक बार करावा, ही सूचनाही तेव्हा आली. म्हणजे एक आवर्तन, एक बार. विचार देखणा आहे आणि इतके लांब बार लिहिणारे होऊन गेलेत. रिम्स्की-कोर्साकोवच्या ‘स्नेगुरोच्का’ ह्या ऑपेराचा शेवटचा कोरस ११/४ मध्ये आहे. पण चौदा मात्रांच्या बारमध्ये शार्प चौदा मात्रा टिकणार, म्हणजे नीच्या आगीत तेलच. शिवाय वादकाची नजर एका दमात चौदा मात्रा पकडत नाही. तीन आणि चार सहज पकडते. म्हणून पुन्हा वेगवेगळे बार.

तिसरा खर्डा: जोडसिग्नेचर

तिसऱ्या वेळी मी सुरुवातीलाच ३/४ आणि ४/४ शेजारी शेजारी लिहिले, एकदाच. अर्थ असा की इथून पुढे हे दोन्ही आलटून पालटून येतील, नवी सिग्नेचर दिसेपर्यंत. ह्यालाही मोठे दाखले आहेत. मुसोर्ग्स्कीच्या १८७४ मधल्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ची सुरुवात पाच आणि सहा मात्रांचे बार आलटून पालटून होते. बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या ‘अमेरिका’ ह्या गाण्यात (१९५७) ६/८ आणि ३/४ एकाआड एक येतात. तिथे सुरुवातीला ६/८ लिहून पुढे कंसात ३/४ दिलं आहे. त्या गाण्यात आठवा नोट तोच राहतो पण ठोका बदलतो, एका बारमध्ये दोन ठोके आणि पुढच्यात तीन. आमचं काम त्या मानाने सोपं, कारण दोन्ही सिग्नेचरच्या खाली ४ च होता. मात्रा तीच, फक्त बार लहान-मोठा.

पान एकदम स्वच्छ झालं. व्हिओलावाले गोव्याचे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत स्टाफ वाचायला शिकलेले. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या त्या शिक्षणाने आपल्याला किती वाचणारे वादक दिले, ह्याची आठवण इथे काढायलाच हवी. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ह्यांच्यासारखे हिंदी चित्रपटसंगीतातले मोठे अरेंजर गोव्याचे. समोर कागद आला की तो तिथल्या तिथे वाचून वाजवणारी माणसं त्या मातीत तयार झाली. आमच्या व्हिओलावाल्यांनी पार्ट बघितला आणि म्हणाले, "आता कसं, तीन चार तीन चार म्हणत जायचं. हे वाचता येतं."

पण पहिल्याच मात्रेला गाडी घसरली.

होरीचा मुखडा (परत परत येणारी पहिली ओळ) बाराव्या मात्रेपासून उठतो. तीन मात्रा आणि मग सम. स्टाफमध्ये अशा उठावाला अपुरा बार लिहितात, तोच मी लिहिला: तीन क्वार्टर नोट, मग बारलाइन, मग सम. आता तो कागद वादकाच्या नजरेने बघा. डावीकडे ३/४ आणि ४/४ जोडीने लिहिलेले, त्यापुढे पहिल्या बारमध्ये नेमक्या तीन मात्रा. कुणीही म्हणेल, हा ३/४ चा बार, आता पुढचा ४/४ चा. पण पुढचा होता समेचा, तीन मात्रांचा. म्हणजे तीन नंतर पुन्हा तीन. पहिल्या व्हायोलिनने तिथे चौथी मात्रा मोजली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच झोका उलटा झाला.

त्यांना तो अपुरा बार वाटलाच नाही, कारण तो दिसायला पुरा होता. खरं तर त्या तीन मात्रा ४/४ च्या बारमधल्या शेवटच्या तीन होत्या. उपाय सोपा निघाला, पण सुचायला संध्याकाळ गेली. उठावाचा बार पूर्ण लिहिला: सिग्नेचर साधी ४/४, अकराव्या मात्रेला क्वार्टर रेस्ट (एका मात्रेची विश्रांती), मग मुखड्याचे तीन सूर, मग जोडबारलाइन (दुहेरी उभी रेघ) आणि त्यानंतर समेवर ३/४ ४/४ ची जोडी. आता जोडीतला पहिला आकडा आणि समेचा पहिला बार एकमेकांना धरून आले.

ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. जोडसिग्नेचर वापरताना उठाव असेल तर तो कधीच अपुरा ठेवू नये, विशेषतः उठावाच्या मात्रा आणि जोडीतल्या एका बारच्या मात्रा सारख्या असतील तेव्हा.

चेलो खालीवर आला

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट.

चेलो वाजवणारी मुलगी ह्या चौघांत सगळ्यात लहान आणि मोजायला सगळ्यात पक्की. नवव्या आवर्तनाच्या समेपासून चार आवर्तनं चेलो गप्प आहे. तेराव्या समेवर त्याने खालच्या सा वर लांब सूर घेऊन यायचं आहे. गायिका तिथे अंतऱ्यातून मुखड्यावर उतरते आणि खालून तो सा मिळाला की सम भरीव होते. पार्टमध्ये मी सोळा बारचा रेस्ट एकत्र करून वर १६ लिहिलं होतं.

ती आली बाराव्या आवर्तनाच्या खालीवर. सात मात्रा आधी.

वाजवलं तिने अगदी व्यवस्थित. लांब सूर तीन मात्रांचा, मग चार मात्रांचा, बारशी चोख जुळणारा. वरती दोन्ही व्हायोलिन आणि व्हिओला आपापल्या ३/४ ४/४ मध्ये होते, तेही चोख. कुणाचीही बारलाइन कुणाशी भांडत नव्हती. म्हणून वाजवणाऱ्या चौघांपैकी कुणालाच काही चुकलं असं वाटलं नाही. कळलं ते गायिकेला. तिचा अंतरा अजून वर होता आणि खाली कुणीतरी सम देऊन मोकळं झालं होतं. ती थांबली. तबलेवाले काका चालूच होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि खऱ्या समेवर जोरात धा मारून दाखवला.

पोर रडकुंडीला आली होती. "दादा, मी मोजलं हो. आठ वेळा तीन-चार, तीन-चार मोजलं." सोळा बार म्हणजे आठ जोड्या, हे तिचं बरोबर होतं. बोटांवर कुठेतरी एक जोडी दोनदा धरली गेली असणार. ते कुणाचंही होतं. पण तिची चूक पकडून देणारं कागदावर काहीच नव्हतं, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. दीपचंदीतली अर्धी बाजू समेची आणि अर्धी खालीची. दोन्हींना सात-सात मात्रा, दोन्ही तीन-चार. जोडसिग्नेचरमध्ये ह्या दोन बाजू हुबेहूब सारख्या दिसतात. ३/४ चा बार आला की तो समेचा की खालीचा, हे सांगायला त्या लेखनात जागाच नाही. पाश्चात्त्य टाइम सिग्नेचर एका बारच्या आतलं सांगते. चार बारचं मिळून एक वर्तुळ आहे आणि त्यातल्या एकाच बारच्या तोंडाशी सम आहे, हे तिला सांगता येत नाही. तिचं ते कामच नाही.

आणि मी तीन खर्डे कशावर खर्च केले होते? तीन आणि चार स्वच्छ कसे दिसतील ह्यावर. दीपचंदीचा अर्धा भागच मी लिहिला होता.

भातखंड्यांचं पान

त्या रात्री मी विष्णु नारायण भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा एक भाग उघडून बसलो. ह्या पुस्तकांवर आपण शिकलो, पण पान कसं आखलं आहे इकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. बंदिशीचं स्वरलेखन असं मांडलं आहे की सम कुठे आहे ते डोळ्याला आडव्या ओळीतून आणि उभ्या रकान्यातून, दोन्हीकडून कळतं. विभागांना उभ्या रेघा. खाली तालाच्या खुणा: समेला ×, खालीला ०, टाळ्यांना आकडे. विभाग सारखे असोत की लहान-मोठे, त्या रेघांना काही फरक पडत नाही. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असोत की धमाराचे पाच-दोन-तीन-चार, बंदिश ओळीत बसते आणि सम समेखाली येते. विभागांची लांबी दर वेळी बदलते म्हणून काही जाहीर करावं लागत नाही, कारण मोजायचं एकक आवर्तन आहे.

मग मी पार्ट असे बदलले.

एका ओळीत बरोबर चार बार. एक ओळ म्हणजे एक आवर्तन. प्रत्येक ओळीचा पहिला बार समेचा, तिसरा खालीचा, पानभर एकाखाली एक. कागद थोडा जास्त लागला, आधी तीन पानं होती ती पाच झाली. ओळीच्या तोंडाशी चौकटीत आवर्तनाचा आकडा, १ ते २४. बारचे नेहमीचे आकडे काढून टाकले, कारण तालमीत कुणी "बार ४९" म्हणत नव्हतं. ताई आणि काका दोघंही "तेरावं आवर्तन, समेपासून" असंच म्हणत होते. आता वादकांच्याही कागदावर तेच होतं.

खुणांनी थोडा त्रास दिला. भातखंड्यांचा × मी बारच्या वर लिहिला. तो स्टाफ वाचणाऱ्याला डबल शार्पसारखा दिसतो. पहिल्या व्हायोलिनने लगेच विचारलं, हा कुठल्या सुराला लावायचा? अधिकाची खूण घ्यावी तर तिथे वेगळा गोंधळ आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत + ही खालीची खूण आहे आणि आज कित्येक जण तीच समेला वापरतात. शेवटी समेला वेगळी खूणच ठेवली नाही. ओळीची सुरुवात आणि चौकटीतला आकडा हीच समेची खूण. खालीच्या बारवर मात्र छोटं शून्य ठेवलं. ते कुठल्याच पाश्चात्त्य चिन्हाशी घोळ घालणार नाही असं मला वाटलं होतं. पण तंतुवाद्यांत सुराच्या डोक्यावर शून्य म्हणजे मोकळी तार किंवा हार्मोनिक. म्हणून ते स्टाफपासून बरंच वर, गोल कंसात घालून ठेवलं आणि पहिल्या पानावर एका ओळीत अर्थ लिहिला. हे तिथे लिहायला हवंच होतं. तुटक रेघेच्या वेळी मी नेमकं हेच केलं नव्हतं.

चेलोच्या रेस्टवर आता १६ नाही. चार ओळींचा रेस्ट, प्रत्येकावर आवर्तनाचा आकडा. शेवटच्या ओळीत गायिकेचे सूर क्यू म्हणून, म्हणजे कधी यायचं त्याचा इशारा म्हणून, बारीक छापले, खाली अंतऱ्याचे शब्द. आणखी एक गोष्ट आम्ही कागदाबाहेर केली आणि ती सगळ्यात उपयोगी पडली. काकांनी चेलोवाल्या मुलीला शेजारी बसवून दहा मिनिटं नुसता ठेका ऐकवला. बायाँ कुठे घुमतो आणि कुठे गप्प होतो ते दाखवलं. दीपचंदीत सहाव्या मात्रेच्या तिं पासून दहावीपर्यंत बायाँ घुमत नाही. अकराव्या धा ला तो परत येतो. "खालून आवाज गेला की समज खाली आली. आवाज परत आला की चार मात्रांनी सम. मोजू नकोस, ऐक." त्यानंतर तिला चौकटीतला आकडाही फारसा लागला नाही.

लग्गी आणि परतणं

लग्गीचं लवकर सांगतो, कारण तिथे चूक लवकर सापडली. विसाव्या आवर्तनानंतर तबला केहरव्यात जातो, बत्तीस बार सलग ४/४. तिथे मी साधी ४/४ लिहिली होती. पण जोडीत ४/४ आधीपासूनच आहे. मधेच सुटी ४/४ दिसली तर वाचणाऱ्याला ती जोडी मोडल्याची खूण वाटेल, की चारची पाळी आल्याची आठवण? दोघांना दोन वाटल्या. म्हणून जोडबारलाइन, मोठी ४/४ आणि वर अक्षरांत "लग्गी, सलग ४/४". परत दीपचंदीत येताना ३/४ ४/४ ची जोडी पुन्हा पूर्ण लिहिली, पहिल्यासारखीच. एकदा मोडलेली जोडी आपोआप परत सुरू होत नाही.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. म्यूझस्कोर ह्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी प्रत्येक बारला खरी सिग्नेचर दिली, ती अदृश्य केली आणि दिसणारी जोडी वेगळी लिहिली. छापील पान सुंदर येतं, पण मधे एक जरी बार नवा घातला तरी तो आधीच्या बारचं माप घेतो आणि अदृश्य जोड्या पुढे सरकतात, वर काहीच दिसत नाही. ताईंनी एकदा अंतऱ्यात एक आवर्तन वाढवलं. मी चार बार घातले आणि चारही ४/४ चे झाले. नशीब, छापायच्या आधी मोजून बघितलं. बदल करताना अदृश्य चिन्हं आधी दाखवून घ्यावीत, काम झालं की परत लपवावीत.

तिहाई: तीन-चार की पाच?

शेवटच्या तिहाईवर मात्र आमचं एकमत झालं नाही. ती चोविसाव्या आवर्तनाच्या समेपासून उठते. पाच मात्रांचा तुकडा, तीन वेळा, मधे दम (विश्रांती) नाही. पाच त्रिक पंधरा, आणि पंधरावी मात्रा म्हणजे पुढची सम. हिशेब फार सुरेख आहे. तुकडे सुरू होतात पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मात्रेवर. पहिला समेवर, दुसरा चारच्या विभागाच्या मधोमध, आणि तिसरा नेमका शेवटच्या विभागाच्या तोंडाशी. दुसऱ्या तुकड्यात ताल आणि तिहाई एकमेकांना आडवे जातात, तिसऱ्यात परत भेटतात.

मी बार तीन-चार-तीन-चारच ठेवले आणि तुकड्यांवर आडवा कंस घालून ५, ५, ५ लिहिलं. पहिल्या व्हायोलिनचं म्हणणं, "मला पाचच मोजायचे आहेत ना, मग पाचच लिहा. ५/४, ५/४, ४/४ आणि सम." वाचायच्या सोयीने बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. लय तीच ठेवून वाचणाऱ्यांसाठी बार नव्याने आखणं काही कमीपणाचं नाही. स्ट्राविन्स्कीने १९१३ च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मधला शेवटचा नाच १९४३ मध्ये पुन्हा लिहिला, तेव्हा बार बदलले आणि मूळ सोळाव्या नोटच्या जागी आठवा नोट धरला.

ताईंना पटत नव्हतं आणि मलाही. ५/४ चा बार लिहिला की दुसऱ्या तुकड्याचा पहिला सूर बारचा पहिला होतो, त्यावर वजन येतं आणि तालाशी आडवं जाण्याची सगळी गंमत निघून जाते. तिहाई ऐकणारा मनात ठेका धरून असतो. वाजवणाऱ्यानेही धरायला हवा. माझं मत अजून तेच आहे. पण कबूल करायला हवं की त्या चौदा मात्रांवर आमचा पाऊण तास गेला आणि ५/४ लिहिलं असतं तर बहुधा दहा मिनिटांत झालं असतं.

कार्यक्रम रंगपंचमीच्या संध्याकाळी झाला. चेलो तेराव्या समेवर आला, काकांनी मान हलवली, ह्या वेळी खुशीने. तिहाई समेवर पडली. नंतर पार्ट गोळा करताना दुसऱ्या व्हायोलिनचं शेवटचं पान बघितलं. माझ्या चार बारवर कागदाची एक पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर पेन्सिलने, नीट आखून, ५/४, ५/४, ४/४. पहिल्या व्हायोलिनच्या पानावर मात्र माझेच बार आणि माझेच कंस होते, वर एकही रेघ नाही. फाइलमध्ये आता मी तिहाई दोन्ही प्रकारे लिहून ठेवली आहे, एकाखाली एक. पुढच्या तालमीला चौघांसमोर दोन्ही ठेवणार आहे.